पॉड हिरवे आणि पट्ट्या अडकलेल्या: कुबरनेटिसवरील इंटिग्रेशन ॲप्लिकेशन्ससाठी देखरेखीचा डॅशबोर्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एक लहान चमू पिंपळगाव आणि लासलगाव भागातील कांदा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. वजनकाट्यावरून येणारी काटा पट्टी घेणे, तिच्यावरून हिशोब पट्टी तयार करून लेखा प्रणालीत नोंदवणे, शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा करण्याची सूचना बँकेकडे पाठवणे आणि शेवटी शेतकऱ्याला एसएमएस करणे, ही कामे करणारी ॲप्लिकेशन्स अपाचे कॅमलवर (वेगवेगळ्या प्रणालींमध्ये संदेशांची ने-आण करणाऱ्या जावा चौकटीवर) लिहिलेली असून ती कुबरनेटिस क्लस्टरवर (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) चालतात. मोजमापे गोळा करून साठवणारे प्रोमिथियस आणि ती आलेखांत दाखवणारे ग्राफाना बसवलेले आहेत, एक तयार डॅशबोर्डही आयात केलेला आहे. तरीही एका दुपारी काही शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि ही गोष्ट चमूला व्यापाऱ्याच्या दिवाणजींचा फोन आला तेव्हा कळली. डॅशबोर्डवर त्या वेळी सर्व काही हिरवे होते. तेव्हा डॅशबोर्डवर नेमके काय ठेवावे आणि तो कसा उभारावा, अशी विचारणा आहे.

डॅशबोर्ड खोटे बोलत नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. आयात केलेले बहुतेक डॅशबोर्ड कंटेनरची प्रकृती सांगतात: सीपीयू किती, मेमरी किती, पॉड (कंटेनर चालवणारे कुबरनेटिसचे एकक) किती वेळा पुन्हा सुरू झाला. संकेतस्थळ चालवणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी एवढ्यावर बरेच भागते, कारण ते बिघडले की वापरणाऱ्याला लगेच दिसते. इंटिग्रेशन ॲप्लिकेशनसमोर मात्र कोणी बसलेले नसते. बँकेचा सर्व्हर नकार देत असताना पॉड अगदी ठणठणीत असतो; किंबहुना काम अडल्यामुळे त्याचा सीपीयू नेहमीपेक्षा कमीच दिसतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अशा डॅशबोर्डचा पहिला पडदा संदेशांचा असावा, म्हणजे किती पट्ट्या आल्या, किती पुढे गेल्या, किती अडकल्या आणि शेवटची यशस्वी पट्टी केव्हा गेली. पॉडचा क्रम त्यानंतर लागतो.

आता उभारणीकडे वळू. कॅमल आपली मोजमापे मायक्रोमीटर या तयार कोडच्या संचामार्फत बाहेर देते. कॅमल स्प्रिंग बूट या जावा चौकटीवर चालत असेल तर ती तिच्या ॲक्च्युएटर या देखरेख-घटकाच्या प्रोमिथियस पत्त्यावर मिळतात आणि क्वार्कस या दुसऱ्या चौकटीवर असेल तर 'क्यू' या उपमार्गाखालील मेट्रिक्सच्या पत्त्यावर. कॅमल ४.९ पासून 'ऑब्झर्व्हेबिलिटी सर्व्हिसेस' नावाचा एक घटक आला आहे. तो जोडल्यास कोणत्याही रनटाइमवर मोजमापे आणि आरोग्य तपासणी 'ऑब्झर्व्ह' या एकाच उपमार्गाखाली मिळतात आणि त्यांचे मूळ पोर्ट ९८७६ असते. काही ॲप्लिकेशन्स स्प्रिंग बूटवर आणि काही क्वार्कसवर असलेल्या चमूने हा घटक अवश्य घ्यावा, कारण मग प्रत्येकासाठी निराळी जोडणी लिहावी लागत नाही. पोर्ट स्वतंत्र असल्याने मोजमापे चुकून बाहेरच्या जगाला दिसण्याचा धोकाही कमी होतो.

त्याआधी एक काम मात्र करून घ्यावे, आणि ते क्लस्टरवरचे नसून कोडमधले आहे. प्रत्येक राउटला, म्हणजे संदेश ज्या वाटेने जातो त्या कोडमधील प्रवाहाला, स्वतःचे, अर्थपूर्ण नाव द्यावे. नाव दिले नाही तर कॅमल 'राउट १', 'राउट २' अशी नावे आपणच ठेवते, आणि कोडमध्ये एक राउट मध्येच घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मग गेल्या आठवड्याचा 'राउट ३' आणि आजचा 'राउट ३' हे दोन वेगळे प्रवाह एकाच रेषेवर येतात आणि आलेखावर विश्वास ठेवण्यात अर्थ उरत नाही. 'काटा-पट्टी-स्वीकार', 'बँक-सूचना-पाठव' अशी नावे दिली, तर रात्री फोन आल्यावर अर्धवट झोपेतही कोणता प्रवाह अडला ते कळते.

प्रोमिथियसने ही मोजमापे गोळा करावीत यासाठी प्रोमिथियस ऑपरेटर (क्लस्टरवर प्रोमिथियस सांभाळणारे साधन) असलेल्या क्लस्टरवर सर्व्हिसमॉनिटर किंवा पॉडमॉनिटर, म्हणजे मोजमापे कोठून घ्यायची ते सांगणारी नोंद, लिहितात. 'सगळे लिहिले, पण ग्राफानात काहीच येत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा येथेच जन्मते, म्हणून या जागी थोडे थांबतो. सर्व्हिसमॉनिटर थेट पॉड शोधत नाही, तो सर्व्हिस, म्हणजे पॉडच्या गटाला दिलेला स्थिर पत्ता, शोधतो. त्यामुळे त्यातील निवडीची लेबले सर्व्हिसवर असावी लागतात. ती केवळ डिप्लॉयमेंटवर असून उपयोग होत नाही. पोर्ट लिहिताना क्रमांक चालत नाही, सर्व्हिसमध्ये त्या पोर्टला दिलेले नाव लिहावे लागते, आणि नाव दिलेलेच नसेल तर आधी ते द्यावे लागते. तिसरा अडथळा प्रोमिथियसच्या बाजूचा असतो. हेल्म या कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाच्या प्रचलित कुबे-प्रोमिथियस-स्टॅक चार्टमधून बसवलेला प्रोमिथियस मूळ मांडणीत फक्त 'रिलीज' हे विशिष्ट लेबल असलेले सर्व्हिसमॉनिटरच पाहतो. ते लेबल नसेल तर कोणतीही चूक न दाखवता तो आपल्या सर्व्हिसमॉनिटरकडे सरळ दुर्लक्ष करतो. तपासणी उलट्या दिशेने करावी. प्रोमिथियसच्या टार्गेट्सच्या पानावर आपले ॲप्लिकेशन मुळीच दिसत नसेल तर लेबल, पोर्टचे नाव किंवा नेमस्पेसची (क्लस्टरमधील विभागाची) निवड चुकली आहे; दिसते पण लाल आहे, तर पोर्टचा क्रमांक, मार्ग किंवा नेटवर्क पॉलिसी पाहावी. ओपनशिफ्ट (रेड हॅटची कुबरनेटिस प्रणाली) वापरणाऱ्यांना याआधी आणखी एक पायरी असते: वापरकर्त्यांच्या ॲप्लिकेशन्सची देखरेख क्लस्टरच्या मॉनिटरिंग कॉन्फिगमॅपमध्ये (कुबरनेटिसमधील मांडणीच्या नोंदीत) वेगळी सुरू करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी क्लस्टर प्रशासकाचे अधिकार लागतात.

मोजमापे येऊ लागली की त्यांचा अर्थ लावण्याचे काम सुरू होते, आणि दिवाणजींच्या त्या फोनचे मूळ मला येथेच दिसते. कॅमल प्रत्येक राउटसाठी एकूण एक्सचेंज (राउटमधून जाणारा एकेक संदेश), यशस्वी, अयशस्वी, 'चूक हाताळली' आणि सध्या प्रवासात असलेले एक्सचेंज अशी निरनिराळी मोजमापे देते. आयात केलेले डॅशबोर्ड बहुधा अयशस्वीचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात. पण राउटमध्ये डेड लेटर चॅनेल (पुढे न गेलेले संदेश बाजूच्या रांगेत, म्हणजे डेड लेटर क्यूमध्ये, ठेवणारी सोय) असेल किंवा अपवाद 'हाताळला' असे घोषित केले असेल, तर कॅमलच्या लेखी तो एक्सचेंज अयशस्वी ठरतच नाही. तो यशस्वींच्या संख्येत जातो आणि सोबत 'चूक हाताळली' हा काउंटर (फक्त वाढत जाणारी मोजणी) एकाने वाढतो. आपल्या बाबतीत बँकेने नाकारलेल्या सूचना डेड लेटर क्यूमध्ये नीट ठेवल्या जात असणार. कोडने आपले काम चोख केले, अयशस्वीचा काउंटर शून्यावर राहिला आणि डॅशबोर्डवरची फरशी (एक आकडा दाखवणारा चौकोन) हिरवी दिसत राहिली. म्हणून 'अयशस्वी' आणि 'चूक हाताळली' या दोन्हींची बेरीज ही खरी अडचणींची संख्या समजावी आणि तीच पहिल्या पडद्यावर ठेवावी. शिवाय डेड लेटर क्यूची लांबी ब्रोकरकडून (संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) वेगळी आणावी, कारण काउंटर फक्त आत किती गेले ते सांगतो. आत गेलेल्या पट्ट्या कोणी काढल्या का, हे त्याला ठाऊक नसते.

बेरीज करताना आणखी एक सापळा आहे. एक पट्टी स्वीकाराच्या राउटमधून हिशोबाच्या राउटमध्ये आणि तेथून बँकेच्या राउटमध्ये गेली, तर ती तिन्ही राउटच्या काउंटरमध्ये मोजली जाते. नव्या आवृत्त्यांत संपूर्ण कॅमल कॉन्टेक्स्टची बेरीजही वेगळी मालिका (प्रोमिथियसमध्ये स्वतंत्र साठवलेली आकड्यांची रांग) म्हणून येते. सगळ्या मालिका सरसकट मिळवल्या तर एका पट्टीच्या चार दिसतात. 'आज किती पट्ट्या आल्या' या प्रश्नासाठी फक्त प्रवेशाचा राउट मोजावा आणि 'किती पूर्ण झाल्या' यासाठी फक्त शेवटचा. या दोन रेषा एकाच आलेखावर ठेवल्या की त्यांच्यातील अंतर आपोआप नजरेत भरते. माझ्या मते संपूर्ण डॅशबोर्डवर एकच आलेख ठेवायची परवानगी असेल, तर तो हा असावा.

प्रोमिथियसमध्ये काउंटर कधीही थेट दाखवू नये, त्याचा 'रेट' (वाढीचा वेग) किंवा 'इन्क्रीज' (ठरावीक काळातील वाढ) काढावा. पॉड पुन्हा सुरू झाल्यावर काउंटर शून्यावर येतो. हा खंड 'रेट' ओळखून सांभाळून घेते, मात्र त्यासाठी आधी रेट आणि मग बेरीज हा क्रम पाळावा लागतो. बेरीज आधी केली की एका पॉडच्या पुनरारंभामुळे आलेखावर भलता उंचवटा येतो. रेटची खिडकी मोजमाप गोळा करण्याच्या अंतराच्या किमान चौपट ठेवावी, म्हणजे ३० सेकंदांनी मोजमाप घेत असाल तर २ मिनिटे. ग्राफानामध्ये यासाठी 'रेट इंटरव्हल' हे तयार चल आहे, तेच वापरावे. वेळेच्या बाबतीत सरासरीवर विसंबू नये. बँकेच्या १०० पैकी ९० सूचना चटकन जातात आणि १० खूप रखडतात, तेव्हा सरासरी पाहून कोणाला काही कळत नाही. ९५ वा शतमक, म्हणजे ९५ टक्के सूचना ज्या वेळेच्या आत जातात ती वेळ, पाहावा. मात्र मायक्रोमीटरचा टायमर मुळात फक्त संख्या, बेरीज आणि कमाल एवढेच देतो. शतमकासाठी लागणारा हिस्टोग्राम (वेळेच्या प्रत्येक टप्प्यात किती सूचना पडल्या याची मोजणी) हवा असल्यास तो त्या टायमरसाठी वेगळा सुरू करावा लागतो. तो सगळीकडे सुरू करू नये, कारण त्याने मालिकांची संख्या अनेक पटींनी वाढते. बँक आणि एसएमएस अशा बाहेरच्या सेवांना भिडणाऱ्या राउटपुरता पुरेसा आहे. आणि प्रत्येक पॉडचा ९५ वा शतमक काढून त्यांची सरासरी घेणे गणिताच्या दृष्टीने निरर्थक आहे. आधी सर्व पॉडच्या हिस्टोग्रामच्या बादल्या (टप्पे) एकत्र कराव्यात, मग शतमक काढावा.

मालिकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो: पट्टी क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, ट्रॅक्टरचा क्रमांक यांपैकी काहीही लेबलमध्ये घालू नये. लेबलच्या प्रत्येक वेगळ्या मूल्यासाठी प्रोमिथियस एक नवी मालिका उघडतो आणि ती मेमरीत ठेवतो. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असताना असा प्रोमिथियस नेमका गर्दीच्या वेळी आडवा होतो. पट्टी क्रमांकाची जागा लॉगमध्ये आहे. बाजार समितीचे नाव, बँकेचे नाव, चुकीचा प्रकार अशी मोजकी मूल्ये लेबलमध्ये चालतात, आणि 'चुकीचा प्रकार' म्हणजे अपवादाचा संपूर्ण मजकूर नव्हे.

यापुढचा मुद्दा शांततेचा आहे आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. चूक झाली तर काउंटर वाढतो. पण वजनकाट्याच्या संगणकाचे नेटवर्क गेले आणि पट्ट्या येणेच थांबले, तर चूक कोठेच घडत नाही. सगळ्या रेषा शांतपणे शून्यावर येतात. अयशस्वींची टक्केवारी काढणारी फरशी अशा वेळी शून्य भागिले शून्य करते आणि कोरी राहते, आणि कोऱ्या फरशीकडे कोणी पाहत नाही. यावर उपाय म्हणजे 'शेवटच्या यशस्वी पट्टीला किती वेळ झाला' हे मोजमाप. राउटच्या शेवटी यशाची वेळ एका गेजमध्ये (कमी-जास्त होऊ शकणाऱ्या मोजमापात) लिहावी आणि डॅशबोर्डवर आत्ताच्या वेळेतून ती वजा करावी. अनेक पॉड असतील तर त्यांपैकी सर्वांत अलीकडची वेळ धरावी. पॉड पुन्हा सुरू झाल्यावर हा गेज शून्य असतो आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. म्हणजे 'पन्नासहून अधिक वर्षे पट्टी आली नाही' असा अलर्ट येतो. तेव्हा पहिली यशस्वी पट्टी जाईपर्यंत गेज नोंदवूच नये, किंवा सुरू होताना शेवटची वेळ डेटाबेसमधून वाचून घ्यावी. दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण पहिल्यात पुनरारंभानंतर एकही पट्टी आली नाही तर अलर्टही येत नाही.

शांतता केव्हा स्वाभाविक आणि केव्हा संशयास्पद, हे मात्र प्रोमिथियसला शिकवावे लागते. लिलाव ठरलेल्या वेळांतच होतात, रविवारी ते बंद असतात, आणि अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची पद्धत जिल्ह्यात वर्षानुवर्षे होती. त्यात व्यापाऱ्यांचा बंद, सण आणि मुसळधार पाऊस यांची भर पडते. प्रोमिथियसची तास आणि वार सांगणारी फलने यूटीसी वेळेने चालतात. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे, आणि त्या अर्ध्या तासामुळे केवळ तास वजा करून भागत नाही. चालू वेळेत १९८०० सेकंद मिळवून मगच तास काढावा. प्रोमिथियसचे अलर्ट माणसांपर्यंत पोचवणाऱ्या अलर्टमॅनेजरच्या कालखंडांत मात्र 'एशिया/कोलकाता' असे स्थळ थेट देता येते, त्यामुळे रात्रीची आणि रविवारची शांतता तेथे लिहिणे सोपे जाते. अमावास्या किंवा ऐनवेळचा बंद यांच्यासाठी कोणतेही फलन नाही. त्यासाठी ॲप्लिकेशनमध्येच बाजार समितीनिहाय एक गेज ठेवावा, आज लिलाव असेल तर १, नसेल तर ०, आणि तो व्यापाऱ्याच्या कार्यालयातील कॅलेंडरवरून भरावा. अलर्टच्या नियमात 'पट्टी येऊन अर्धा तास झाला आणि आज लिलाव आहे' अशी दोन्ही अटींची सांगड घालावी. हे तांत्रिकदृष्ट्या फारसे देखणे नाही, पण बाजार बंद असताना चमूला उगाच जागे करणारा अलर्ट पुढे खऱ्या वेळीही कोणी उघडून पाहत नाही.

पॉडच्या मोजमापांचा पडदा दुसऱ्या क्रमांकावर असावा, आणि तेथे मोजक्याच गोष्टी पुरतात. मेमरीसाठी 'वर्किंग सेट' (प्रत्यक्ष वापरातील मेमरी) आणि मर्यादा यांचे गुणोत्तर पाहावे. जावाच्या हीपची (ॲप्लिकेशनचा डेटा राहतो त्या मेमरीची) मर्यादा सांगितली नाही तर जेव्हीएम (जावा चालवणारी यंत्रणा) सर्वसाधारणपणे कंटेनरच्या मेमरीचा चतुर्थांश भागच हीपसाठी घेते. त्यामुळे कंटेनरची मेमरी भरपूर मोकळी दिसत असतानाही ॲप्लिकेशन हीप संपून पडू शकते. हीप आणि कंटेनर या दोन्ही रेषा शेजारी शेजारी ठेवाव्यात. उलट पॉड १३७ हा कोड देऊन संपला असेल, तर बहुधा कंटेनरची मर्यादा ओलांडली गेली आहे. सीपीयूच्या टक्केवारीपेक्षा थ्रॉटलिंगचे (मर्यादेमुळे सीपीयू रोखला जाण्याचे) प्रमाण अधिक बोलके असते. संदेश साठवून पुढे देणारी काफ्का ही प्रणाली वापरत असाल तर कन्झ्युमर लॅग (वाचायचे राहिलेले संदेश) पहिल्या पडद्यावर न्यावा, कारण साचलेल्या पट्ट्यांचा तो सर्वांत सरळ आकडा आहे.

प्रवासात असलेल्या एक्सचेंजचा गेजही या पडद्यावर ठेवावा, विशेषतः नवी आवृत्ती चढवताना. कॅमल थांबताना हातातील संदेश पूर्ण करण्यासाठी मूळ मांडणीत ४५ सेकंद थांबते, पण कुबरनेटिस पॉडला मूळ मांडणीत ३० सेकंदच देते आणि मग त्याला मारून टाकते. म्हणजे शेवटची १५ सेकंदे कॅमलला कधीच मिळत नाहीत. नवी आवृत्ती चढवताना हा गेज शून्यावर न येताच तुटत असेल, तर पॉडची मुदत वाढवावी. बँकेला सूचना गेली आणि तिची नोंद राहून गेली, असे प्रकार येथून उद्भवू शकतात, आणि त्यातून दुबार रक्कम जाण्याची भीती असते.

तयार साधनांविषयीही विचारणा आहे. हॉटिओ हे कॅमलसाठी उत्तम साधन आहे. चालू असलेल्या पॉडमध्ये शिरून राउटची आकृती आणि त्या क्षणाचे आकडे पाहता येतात. पण ते इतिहास साठवत नाही. ग्राफानावर अडलेला राउट सापडल्यानंतर त्याची चिकित्सा करण्यासाठी ते वापरावे.

अलर्ट थोडे ठेवावेत. माझ्या मते पुढील प्रसंगांनीच माणसाला फोन जावा: लिलावाच्या वेळेत पट्ट्या थांबल्या, अडचणींची बेरीज काही मिनिटे सलग वाढत राहिली, डेड लेटर क्यूमध्ये पडून असलेला सर्वांत जुना संदेश ठरलेल्या वेळेपलीकडे गेला, किंवा ॲप्लिकेशन प्रोमिथियसला दिसेनासेच झाले. शेवटच्यासाठी 'अप' शून्य असल्याची अट एकटी पुरत नाही, कारण सर्व्हिसमॉनिटरच पुसला गेला तर ती मालिकाच नाहीशी होते. तेथे मालिकेची अनुपस्थिती तपासणारे 'ॲबसेंट' हे फलन जोडावे. सीपीयू आणि मेमरीचे अलर्ट चॅटच्या गटात जाऊ द्यावेत. बँकेचाच सर्व्हर बंद असेल तर एकाच कारणाने अनेक अलर्ट उठतात. ते बँकेच्या लेबलवर गटबद्ध करून एकाच निरोपात पाठवण्याची सोय अलर्टमॅनेजरमध्ये आहे. बाहेरच्या सेवेची तपासणी लाइव्हनेसमध्ये (पॉड जिवंत आहे का, या कुबरनेटिसच्या तपासणीत) मात्र घालू नये. तसे केल्यास बँक बंद पडताच कुबरनेटिस आपले धडधाकट पॉड पुन्हा पुन्हा सुरू करत राहते.

डॅशबोर्ड ग्राफानाच्या पडद्यावर हाताने बदलत राहू नये. त्याची जेसन फाइल कोडसोबत गिटमध्ये ठेवावी आणि कॉन्फिगमॅपमधून चढवावी, म्हणजे क्लस्टर नव्याने उभारला तरी तो जसाच्या तसा परत मिळतो आणि कोणी कोणती मर्यादा का बदलली याची नोंद राहते. नियम चढवल्यावर चाचणी क्लस्टरवर मुद्दाम बिघाड घडवून पाहावेत: बँकेच्या जागी नेहमी नकार देणारी नकली सेवा लावावी, काट्याकडून येणारा प्रवाह तोडावा, आणि प्रत्येक वेळी कोणती फरशी किती वेळात लाल झाली ते लिहून ठेवावे.

राहता राहिला साठवणुकीचा प्रश्न. प्रोमिथियस मूळ मांडणीत १५ दिवसांची मोजमापे ठेवतो. गेल्या हंगामातील आवकेशी तुलना करायची असेल तर ती पुरत नाहीत. पण त्यासाठी सगळीच मोजमापे वर्षभर ठेवण्याचा खर्च करू नये. पट्ट्या आल्या, पूर्ण झाल्या, अडकल्या हे तीन आकडे बाजार समितीनिहाय रेकॉर्डिंग रूलने (आकडा आपोआप काढून साठवणाऱ्या प्रोमिथियसच्या नियमाने) दर तासाला काढून दीर्घकालीन साठ्यात पाठवावेत आणि बाकीचे १५ दिवसांनी जाऊ द्यावे.